गुणाजीचा ओटा आणि गुलाबी थर

गुणाजी पेडणेकर कुणाच्याही घरी गेला की देवघराच्या आधी स्वयंपाकघरात शिरायचा. पाणी प्यायला नव्हे, ओट्यावरून तळहात फिरवायला. मग यजमानाकडे वळून, डॉक्टर रिपोर्ट वाचून सांगतात तशा आवाजात सांगायचा, "जोड दिलाय. सिंकच्या डाव्या अंगाला. अर्ध्या मिलीचा फरक आहे." वास्तुशांतीच्या जेवणाची चवच जायची. त्यामुळे त्याची बायको रतन हल्ली उंबऱ्यातच त्याचं मनगट पकडून त्याला बाहेरच्या सोफ्यावर बसवायची.

वागळे इस्टेटमधल्या एका ग्रॅनाइटच्या कारखान्यात तो एकतीस वर्षं दगड कापत होता. रोज सकाळी डोंबिवली पश्चिमेहून स्कूटर काढायची, माणकोलीच्या नव्या पुलावरून पलीकडे जायचं, माजिवड्याला सिग्नलवर थांबून आपण कुठल्या टॉवरमध्ये किती ओटे बसवले ते मोजायचं आणि साडेनऊला करवतीशी उभं राहायचं.

"घोडबंदर रोडवरच्या निम्म्या बायका माझ्या ओट्यावर कणीक मळतात," असं तो अभिमानाने सांगायचा.

"हे वाक्य बाहेर बोलत जाऊ नका," रतन म्हणायची.

त्याच्या स्वतःच्या घरचा ओटा मात्र बघण्यासारखा होता. दोन हजार एकोणीसच्या दिवाळीत त्याने तो बसवला. काळा कुळकुळीत, काटकोनात वळलेला आणि अख्खा एका लादीतून काढलेला. कोपऱ्यात जोड नाही. नऊ माणसांनी तो पहिल्या मजल्यावर चढवला होता, आणि त्यातला एक अजूनही कंबर धरून गुणाजीला दिवाळीच्या शुभेच्छा द्यायचा. त्या ओट्यावर नारळ फोडायला रतनला बंदी होती. ती शेजारी जाऊन फोडून आणायची.

तर असा हा गुणाजी दगडावर प्रेम करणारा, पण दगड काही सांगतो वगैरे त्याच्या डोक्यात कधी आलेलं नव्हतं. ते आलं नीरजा मॅडममुळे.

गेल्या वर्षी जानेवारीत एक चौतिशीची बाई कारखान्याच्या दारात उभी राहिली. छातीशी बाळाच्या दुपट्यात काहीतरी गुंडाळून धरलेलं. करवतीचा कर्कश आवाज चालू होता. गुणाजीने घाईने मशीन बंद केली, बाकीच्यांना हाताने गप्प केलं आणि हळू आवाजात म्हणाला, "झोपलंय काय?"

"कोण?"

"बाळ."

"बाळ नाही हो काका, दगड आहे," ती म्हणाली आणि तिने दुपटं उघडलं. आत हाताएवढा लांब, मेणबत्ती वितळून पुन्हा गोठल्यासारखा पिवळट दगड होता.

तिचं नाव नीरजा. ती शास्त्रज्ञ होती आणि हा दगड तिने मेघालयातल्या एका गुहेतून रीतसर परवानगी काढून आणला होता. तो उभा, बरोबर मधोमध चिरायचा होता. तिच्या संस्थेतली करवत गेले चार महिने बिघडलेली होती आणि दुरुस्तीचा अर्ज अजून तिसऱ्या सहीवर अडकलेला होता. तीन कारखान्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. एकाने तर "याची मूर्ती होणार नाही" असंही ठामपणे सांगितलं होतं.

गुणाजीने दगड हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाला, "मऊ आहे. पाणी जास्त लागेल, चाल कमी. अर्धा तास द्या."

त्याने पाऊण तास घेतला. पाती बदलली, लाकडाचे दोन ठोकळे लावून दगड आवळला आणि तो चिरताना श्वासही जपून घेतला. दोन भाग वेगळे झाले तेव्हा आत पट्टेच पट्टे दिसले. फिकट, गडद, पुन्हा फिकट, केसाएवढे बारीक, एकावर एक. पट्टे नीट दिसावेत म्हणून गुणाजीने एकतीस वर्षांच्या सवयीने जे करायचं तेच केलं. कापलेल्या तोंडावरून जीभ फिरवली.

"काका!" नीरजा किंचाळली.

"ओला केल्यावर रंग कळतो," गुणाजी शांतपणे म्हणाला.

"अहो, तुम्ही जिथे चाटलंत ना, तो बहुधा चार हजार वर्षांपूर्वीचा दुष्काळ आहे!"

गुणाजीने जीभ आत घेतली. तोंडात थोडी धूळ होती. दुष्काळाची चव अशी असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

मग चहा आला आणि नीरजाने त्याला सगळं समजावून सांगितलं. गुहेच्या छतावर माती असते, त्यातून पावसाचं पाणी झिरपतं आणि जाता जाता खडकातला चुना सोबत घेतं. थेंब खाली पडला की चुन्याचा कणभर थर मागे राहतो. पुढचा थेंब, पुढचा थर. असं हजारो वर्षं चालतं. थरातल्या युरेनियमवरून त्याचं वय काढता येतं आणि ऑक्सिजन तपासला की त्या काळी पाऊस जोरात होता की बेताचा, त्याचा अंदाज बांधता येतो. या एका दगडात आठ हजार वर्षांचा पाऊस होता.

"म्हणजे हा पावसाची डायरी लिहीत बसलेला," गुणाजी म्हणाला.

"तसंच काहीसं. फक्त अक्षर फार वाईट असतं. आम्हाला वाचायला दोन-दोन वर्षं लागतात."

त्या दिवशी गुणाजी घरी गेला तो वेगळाच माणूस होऊन. जेवताना त्याने कांदा उभा चिरून त्याचे थर मोजले. गीझरची कॉइल काढून तिच्यावरचा क्षार खरवडला आणि "दोन हजार बावीसला पाणी लई जड आलेलं" असा निष्कर्ष काढला. दुधाच्या पातेल्याला तळाशी लागलेली खरवड रतनने घासायला घेतली तर तो ओरडला, "थांब, तारीख बघू दे!" रतनने त्याच्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं आणि मग दोन्ही घासून काढल्यासारखं पातेलं घासलं.

नीरजा मात्र पुन्हा पुन्हा येत राहिली. संस्थेचा अर्ज चौथ्या सहीवर गेला होता. तिने आणलेले दगड गुणाजी कापायचा आणि बदल्यात एकच मागायचा, की आत काय निघालं ते सांगायला यायचं. आता तो जीभ लावत नव्हता. त्याने एक छोटा फवारा विकत घेतला होता.

पहिल्या दगडानंतर सव्वा वर्षाने, यंदाच्या एप्रिलमध्ये, सप्तर्षी हाइट्सच्या नोटीस बोर्डावर तो कागद लागला.

सप्तर्षी हाइट्स म्हणजे गुणाजी राहायचा ती इमारत. तळघरात पार्किंग, त्याच्या डोक्यावर मोकळं पोडियम, पोडियमवर बाकं, तुळशीच्या कुंड्या आणि मध्यभागी डॉल्फिनचं कारंजं. तळघराच्या छतातून कित्येक वर्षं पाणी ठिबकत होतं. गाड्यांवर पांढरे ओघळ यायचे. कागदावर लिहिलं होतं की सदर गळतीस फ्लॅट क्रमांक एकशे तीनमधील स्वयंपाकघराचे तोडकाम कारणीभूत असल्याचे समितीच्या निदर्शनास आले असून, सदर ओटा व त्याखालील जमीन उकरून दुरुस्ती करण्यात येईल. खाली सही होती अध्यक्ष गुरुदत्त सबनीस यांची.

फ्लॅट क्रमांक एकशे तीन गुणाजीचा होता.

रतनने कागद दोनदा वाचला. "ओटा उकरणार?" ती म्हणाली. "ज्याच्यावर मी साधा नारळ नाही फोडला, तो हे उकरणार?"

गुणाजी तडक सबनीसांकडे गेला. सबनीस निवृत्त मुख्याध्यापक. बोलणं शुद्ध, इस्त्रीचा सदरा, आणि समोरच्याला बसा म्हणण्याआधी तीन क्षण बघायची सवय.

"हे पाहा पेडणेकर," ते म्हणाले, "आपण एकोणीस साली घरात हातोडे चालवलेत. त्या धक्क्याने खालचा स्लॅब तडकला. हे उघड आहे."

"साहेब, पाणी त्याच्या आधीपासून गळतंय."

"पुरावा?"

"मी अठरा साली राहायला आलेलो तेव्हाच स्कूटरवर डाग पडायचे."

"पेडणेकर, आठवण हा पुरावा नव्हे," सबनीस म्हणाले आणि उभे राहिले. म्हणजे आता जा.

गुणाजी जिना उतरून थेट तळघरात गेला. स्कूटरच्या सीटवर नुकताच एक थेंब पडला होता. त्याने वर पाहिलं. छताला पेन्सिलीच्या शिशाएवढी बारीक, पांढरी नळी लटकत होती आणि तिच्या टोकाला पुढचा थेंब जमत होता. थेंब, चुना, थर. त्याच्या डोक्यावर एवढे दिवस गुहा होती आणि तो मेघालयाच्या गोष्टी ऐकत बसला होता.

त्याने सगळं तळघर पालथं घातलं. छताला नळ्या पुष्कळ होत्या, पण जमिनीवरचे उंचवटे गाड्यांच्या चाकांखाली चिरडून गेले होते. एकच शाबूत होता. खांबाच्या मागे, उकडीच्या मोदकाएवढा, छान कळीदार. तो नेमका सबनीसांच्या गाडीच्या मागच्या चाकापलीकडे होता आणि तिथे पोचायचं तर गाडीखालून सरपटत जाणं भाग होतं.

दुपारचे तीन वाजले होते. गुणाजी पाठीवर झोपला, छिन्नी-हातोडी पोटावर ठेवली आणि गाडीखाली सरकला. तो मोदक बुडापासून अखंड सोडवायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात जवळ चपला वाजल्या आणि त्याच्या पायांपाशी थांबल्या.

"कोण आहे?" सबनीसांचा आवाज.

"मी. एकशे तीन."

"माझ्या गाडीखाली काय करताय आपण?"

गुणाजीला खोटं बोलायची सवय नव्हती. "आठवण नको म्हणालात ना साहेब," तो गाडीखालून म्हणाला, "म्हणून पुरावा काढतोय."

सबनीसांनी वाकून पाहिलं. धुळीने माखलेला पेडणेकर पोटाशी एक पांढरा गोळा धरून पडला होता. "ब्रेकची वायर सांभाळा," एवढं म्हणून ते निघून गेले.

नीरजाला त्याने फोन केला तेव्हा ती आधी पाच मिनिटं हसली. "काका, तो सिमेंटमधला चुना आहे. गुहेतल्यापेक्षा शेकडो पटींनी भरभर वाढतो. हवा खेचून बनतो, पावसाचं त्यात काही वाचता येत नाही."

"पावसाचं नको मला. तारखेचं बघा."

शनिवारी ती वागळे इस्टेटला आली. गुणाजीने मोदक मधोमध चिरला, फवारा मारला, आणि दोघंही त्यावर वाकले. पांढऱ्या थरांमध्ये गुलाबी रेघा होत्या. अगदी पुसट, पण स्पष्ट गुलाबी. नीरजाने पर्समधून भिंग काढलं. बाहेरून आत मोजलं, तर चार रेघा, मग एक जाड कोरा पांढरा पट्टा, मग तीन रेघा, आणि तळाशी थोडा साधा चुना.

"असला रंग मी कुठल्याच गुहेत पाहिलेला नाही," ती म्हणाली. "वर्षातून एकदा तुमच्या पोडियमवर गुलाबी काय होतं?"

गुणाजी कपाळावर हात मारून उभाच राहिला. "धुळवड!"

दरवर्षी धुळवडीला सोसायटीतली सगळी पोरं पोडियमवर जमायची आणि पिचकाऱ्या भरायच्या त्या डॉल्फिनच्या कारंज्यातून. रंगाच्या पुड्या थेट त्या हौदात रिकाम्या व्हायच्या. डॉल्फिन दोन दिवस गुलाबी असायचा.

"यंदाची, गेल्या सालची, तेवीस, बावीस," गुणाजी बोटांवर मोजत म्हणाला. "मग वीस-एकवीसला कोरोना, कोण खेळलंच नाही, तो हा कोरा पट्टा. मग एकोणीस, अठरा, सतरा. म्हणजे पाणी सतराच्या धुळवडीच्या आधी लागलेलं! मी तर अठराला आलो. आणि ओटा एकोणीसच्या दिवाळीला!"

नीरजाने त्याला जरा थांबवलं. गोळा एकच होता, मोजणी एकदाच झाली होती, आणि रेघा रंगाच्याच आहेत हे तपासायला हवं होतं. "प्रबंध लिहिण्याएवढं हे पक्कं नाही, काका," ती म्हणाली. "पण खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, यात कुणी वाद घालू शकणार नाही. आणि पाणी गुलाबी होऊन येतंय, म्हणजे ते ओट्याखालून नाही, कारंज्यातून येतंय." मग तिने पुन्हा भिंग लावलं. "एक कळत नाही. हा कोरा पट्टा एवढा जाड कसा? दोन वर्षांचा धरला तरी फार वाढ आहे. कोरोनात पोडियम बंद होतं ना?"

"कुलूप होतं."

"मग पाणी कोण सोडत होतं?"

रविवारी संध्याकाळी पोडियमवर सभा भरली. पस्तीसेक माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या. गुणाजी अर्धा मोदक स्टीलच्या ताटात घेऊन उभा राहिला. निघायच्या गडबडीत फवारा घरीच राहिला होता. रेघा कुणाला दिसेनात. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, पांढरा दगडच दिसतोय." गुणाजीने एकदा रतनकडे पाहिलं, तिने डोळे मिटून घेतले, आणि त्याने सगळ्यांसमोर तो दगड चाटला.

"अहो, माझ्या गाडीखालचं आहे ते!" सबनीस ओरडले.

पण रेघा उठून दिसल्या. ताट खुर्च्यांमधून फिरलं. पोरांनी तर आपापली वर्षं ओळखली. सेक्रेटरी हेमाताईंनी जुनी फाइल काढली आणि कारंजं दोन हजार सोळाच्या डिसेंबरात बसल्याचं वाचून दाखवलं. ठराव मांडणारे गुरुदत्त सबनीस.

सबनीस बसून राहिले. त्यांचा सदरा तेवढाच कडक होता, आतले सबनीस मात्र थोडे सैल झाले होते.

खरं तर गुणाजीचं काम झालं होतं. ओटा वाचला होता. पण नीरजाचा प्रश्न त्याच्या डोक्यातून जात नव्हता, आणि दगडाने सांगितलेलं अर्धं ऐकून थांबणं त्याला जमलं नाही. "फक्त एक राहिलं," तो म्हणाला. "कोरोनात पोडियमला कुलूप होतं आणि नेमकं तेव्हाच पाणी सगळ्यात जास्त आलेलं. चावी कोणाकडे होती?"

चावी अध्यक्षांकडे होती. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

सबनीसांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मीच लावत असे कारंजं," ते शेवटी म्हणाले. "रोज पहाटे. दोन तास."

"का पण?" हेमाताईंनी विचारलं.

"घरात आम्ही सहा माणसं. प्रत्येक खोलीत एकेकाची मीटिंग, एकेकाची शाळा. मला..." ते अडखळले. मुख्याध्यापकाला अडखळताना पाहून पहिल्या रांगेतल्या दोघांनी उगाच पाय जवळ घेतले. "मला गायचा नाद आहे. शिकलो नाही कधी. लोकांसमोर गाण्यासारखा आवाज नाही, हे मला ठाऊक आहे. कारंज्याच्या आवाजात कुणाला ऐकू जात नसे, म्हणून."

चौथ्या मजल्यावरचा सलिल, जो सहसा सभेत बोलायचाच नाही, हळूच म्हणाला, "ते तुम्ही होतात?"

"म्हणजे?"

"आम्हाला वाटलेलं पंपाचं बेअरिंग गेलंय. मी तीनदा मेकॅनिक बोलावला."

हसायचं नाही असं पस्तीस जणांनी ठरवलं आणि एकालाही ते जमलं नाही. सगळ्यात आधी सबनीसांच्या पत्नी हसल्या, कारण त्यांना सगळं माहीत होतं. शेवटी सबनीसही हसले, जरा उशिरा, पण हसले. ती नोटीस त्यांनी स्वतः बोर्डावरून काढली आणि दुसऱ्या दिवशी एकशे तीनमध्ये येऊन रतनची माफी मागितली. तिने त्यांना ओट्याशी नेलं. त्यांनी तळहात फिरवला, कोपऱ्यात जोड शोधला, सापडला नाही, आणि त्यांनी गुणाजीकडे जे पाहिलं ते पाहणं गुणाजीने पुढे कितीतरी दिवस रतनला वर्णन करून सांगितलं.

मे महिन्यात कारंजं काढलं, हौद फोडून तिथे नवीन लेप दिला. डॉल्फिन कुणीच घेईना, म्हणून तो गेटजवळ वॉचमनच्या खुर्चीशेजारी उभा आहे. तळघरातलं ठिबकणं बंद झालं. शेवटचा थेंब कधी पडला ते गुणाजीने खांबावर खडूने लिहून ठेवलं. नळीच्या टोकाशी कोरडं पाहून त्याला जरा वाईट वाटलं, पण ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

सबनीसांचा मात्र प्रश्न उभा राहिला. पाण्याचा आवाज गेला, आता गायचं कुठे? घरी सून अजूनही घरूनच काम करत होती. आठवडाभर ते येताजाता गुणाजीला "काय पेडणेकर" म्हणून थांबायचे आणि पुढे काहीच बोलायचे नाहीत. गुणाजीच्या ते सावकाश लक्षात आलं. एका गुरुवारी सकाळी त्याने स्कूटरशी उभं राहून दुसरं हेल्मेट पुढे केलं.

तेव्हापासून दर गुरुवारी सबनीस सर इस्त्रीचा सदरा घालून, मागच्या सीटवर ताठ बसून माणकोलीचा पूल ओलांडतात. वागळे इस्टेटला गुणाजी त्यांना करवतीपासून सुरक्षित अंतरावर स्टूल देतो, कानात घालायला कापूस देतो आणि मशीन चालू करतो. लादी कापायला साधारण बारा मिनिटं लागतात. तेवढ्यात त्यांचं एक पद होतं. मशीन बंद व्हायच्या आधी गुणाजी हात वर करून इशारा देतो, म्हणजे ते वेळेत थांबतात. एकदा तो इशारा द्यायला विसरला आणि लांबलेली तान अख्ख्या गाळ्याला ऐकू गेली. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. सबनीस कानापर्यंत लाल झाले, पण पुढच्या गुरुवारी पावणेनऊलाच हेल्मेट घालून खाली उभे होते.